पावणेतीनशे

मंगळवार हा चौकशीचा वार.
गोयानियात ऑगस्टची कोरडी हवा, ओठ फुटतात,
खिडकीबाहेर इपेचं झाड
एकही पान न ठेवता पिवळंधमक झालेलं.
मी दिर्सी. डॉक्टर एव्हांद्रोंकडे एकोणीस वर्षं.
टेबलावर नमुने मांडते, गोल, थेंबाच्या आकाराचे,
हाताला गार.

दुखेल का?
दुखेल. पहिले तीन दिवस छातीवर कुणी बसल्यासारखं.
मग ते उठतं,
पण लगेच घरी जात नाही.

पालथं कधी झोपता येईल?
लेकराला कडेवर कधी घेऊ?
दीड महिना थांब, असं कागदावर आहे.
लेकरू थांबणार नाही, हे कागदावर नाही.

विमानात फुटतात का?
नाही. हे सगळ्यांत सोपं.
विचारणारी बहुतेकदा बसने आलेली असते
आणि चोवीस हप्त्यांचं गणित
तिने पाकिटाच्या पाठीवर मांडलेलं असतं.

दूध येईल? बहुतेकींना येतं.
व्रण दिसेल? घडीत लपतो, पण तुला ठाऊक राहील.
त्याच्या हाताला खरे लागतील का?
हे त्या बसल्या बसल्या विचारतात.
मला स्वतःला काही लागेल का,
हे मात्र उठून, पर्स खांद्याला लावून, दारापाशी.
मग मी पेन खाली ठेवते.
परत येतं, म्हणते. कुणाला अर्धं.
कुणाला एकाच बाजूला.
कुणाला नाही.

आज जुसिलेनी आली.
बाजारातल्या खाटकाच्या दुकानात कामाला,
हाताला अजून ब्लीचचा वास.
'मिली मला कळत नाही, ग्रॅममध्ये सांगा.'
सांगायच्या आधीच तिने नमुना उचलला,
तळहातावर एकदा हलकेच उडवला:
'पावणेतीनशे.'
मी काट्यावर ठेवला. दोनशे अठ्ठ्याहत्तर.
'तीन जास्त. आमचा मालक एवढं सोडत नाही.'

किती वर्षं टिकतात?
जन्माची हमी नाही. दहा, पंधरा, कधी वीस.
मग बदलायचे, नाहीतर काढायचे.
'म्हणजे फ्रीजपेक्षा बरे.'
दोन मुलं, प्रत्येकाला अकरा महिने पाजलं, ती म्हणाली,
वाढीव काही नको मला,
माझं होतं तेवढंच मोजून परत द्या.

आणि मग, अगदी भाव विचारावा तशा आवाजात:
'मेल्यावर काय होतं त्यांचं?'

आमच्याकडे तीन वर्षांनी कबर उघडतात,
हाडं पेटीत भरून भिंतीतल्या कप्प्यात ठेवतात,
जागा दुसऱ्याला.
तिने आईची भरली होती गेल्या वर्षी,
हातमोजे घालून, स्वतः.
'माझी भरायला मुलगा येईल.
हे दोन तिथेच असतील का? तो बघेल का?'

एकोणीस वर्षं. छापील यादीत एकतीस प्रश्न.
असतील बहुधा, मी म्हटलं.
ती हसली नाही, घाबरलीही नाही.
'मग सांगून ठेवायला हवं त्याला.
कवटीपेक्षा हेच बघून दचकायचा.'

नंतर तिची नजर माझ्या सपाट गणवेशावर आली.
ती सगळ्यांचीच येते. सगळ्या ती वळवतात.
'तुमचे नाहीत?'
होते. चौदा वर्षं होते.
एक आतून आवळत गेला, कडक झाला,
मग दोन्ही काढले.
'कसे होते?'

का केले, किती पडले, पस्तावलात का,
हे सगळं मला विचारून झालंय.
हे नाही.
मी बाटलीतलं पाणी प्यायले.
'पोहून आलं की,' मी म्हटलं,
'बाकी अंग तापायचं, ते बराच वेळ गार राहायचे.
एरवी आठवणसुद्धा नसायची.'

तिने मान डोलावली,
नमुना पुसून जागेवर ठेवला, उताणा.
'तारीख जानेवारीनंतरची द्या.
नाताळात दुकानात
अख्खी रांग उचलावी लागते मला.'